मधली फट

कुपवाडला, आयटीआयच्या पहिल्या आठवड्यात
शिकलगार सरांनी एक जळकी मोटर उघडून टेबलावर ठेवली.
मला वाटलं होतं, आत काहीतरी कशाला तरी धरून असेल,
दातात दात, नाहीतर पट्टा.
तसलं काहीच नव्हतं.
बाहेर तांब्याची गुंडाळी,
आत लाटण्यासारखा रोटर,
आणि मधे केसाएवढी फट.
"ही दोघं जन्मात एकमेकांना शिवत नाहीत," सर म्हणाले,
"शिवली की संपलं."
मी वहीत लिहिलं, एअर गॅप.
पुढं बराच वेळ काही लिहिलं नाही.

दोन वायरी अदलाबदल केल्या की तीच मोटर उलटी फिरते
हे कळलं त्या दिवशी
मी आणि मालगावची सन्मती डबा खायचा विसरलो.

मग सेन्सर आले.
सर म्हणाले, नावांना घाबरू नका,
बघतो, ऐकतो, चाचपतो ते ज्ञानेंद्रिय.
ढकलतो, ओढतो ते कर्मेंद्रिय, म्हणजे ॲक्चुएटर.
"आणि मधे, सर?"
"माणसात मन. इथं हा डबा."
त्यांनी पीएलसीवर टिचकी मारली.

मला एकदम आई दिसली.
सांगलीत, मार्केट यार्डाच्या मागं, हळदीच्या गिरणीत,
हॉपरखाली पोतं धरून.
हळद गळ्यापाशी आली की ओरडते, "बास!"
स्विचपाशी बसलेला मायाप्पा मोटर बंद करतो,
ती उजव्या हातानं झडप ओढते.
एकोणीस वर्षं.
तेवढ्या वेळात मन कुठं असतं
हे मी तिला कधी विचारलं नव्हतं.

दिवाळीनंतर मालकांनी सेन्सर आणला.
बसवायला पुण्याचा माणूस येणार होता, येईना.
आईच म्हणाली, "माझ्या लेकीला येतंय की."

मी ब्रॅकेट ठोकला. वायरी ओढल्या,
तपकिरी, निळी, काळी.
सिलिंडरला हवा दिली. फुस्स.
झडप आपली आपण मिटली.
आई टाळ्या वाजवायला गेली,
हात हळदीनं इतके भरलेले
की आवाजच झाला नाही, नुसता पिवळा धूर.
मायाप्पानं तंबाखू मळली.

त्याला जानेवारीत नको म्हणाले.
आईला ठेवलं.
कारण वीस पोत्यांत सेन्सरच्या काचेवर साय धरते,
मग त्याला रिकामं पोतंही भरलेलं दिसतं.
आई पुसते, पदराच्या टोकानं,
माझ्या डोळ्यातलं कुसळ काढायची तसं,
आधी फुंकर.
"कसलं गं हे तुझं लेकरू," म्हणते,
"ह्याला पापणी द्यायचं सुचलं नाही व्हय कुणाला?"

मायाप्पा वाटेत भेटला तर
मी चप्पल नीट करायला वाकते.

रात्री मी वही उघडून बसलेली असते, ती झोपलेली.
तिचा उजवा हात अंथरुणावरून
मधूनच काहीतरी ओढतो.
एकदा मी सेकंद मोजले,
एक पोतं भरायला लागतात तेवढेच.
काय दिसतंय त्या हाताला, कुठून येतोय सिग्नल,
सगळी वायरिंग मी मनातल्या मनात काढून बघितली.
जुळेना.
मग दिवा मालवून
तिच्या हाताशेजारी हात ठेवते,
केसाएवढं अंतर सोडून.
शिवला तर जागी होईल,
आणि सहाला तिला गिरणी आहे.