एकच माणूस

डीसी ऑफिसच्या आवारात चिंचेखाली
टाइपरायटर घेऊन बसणाऱ्या मुतगेकरांपुढं
मी अकरा कागद ठेवले.
त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, म्हणाले,
यातला तू कोणता?

सगळे मीच.
भरमा यल्लाप्पा किणयेकर, राहणार वडगाव,
डावा बॅक, पाठीवर तीन नंबर.
कॅम्पातल्या शाळेला फुटबॉल शिकवायला माणूस पाहिजे,
आणि तिथली क्लार्कबाई म्हणते,
अनुभव आहे हो, नाव कुठाय?

मडगावच्या क्लबानं पहिल्याच मोसमात मला ब्रह्मा केलं.
कॉर्नर आला की गोलकीपर मिंगेल ओरडायचा,
ब्रह्मा, फाटीं पळय!
आणि मी सगळी सृष्टी सोडून मागं बघायचो.
कोचीत वर्मा.
जालंधरला शर्मा, म्हणून मेसमध्ये
मला कुणी अंडं वाढेना.
अख्खा महिना डाळीवर खेळलो,
खुलासा करण्याइतकं हिंदी जवळ नव्हतं.
कोलकात्यात भोर्मा, ओठ गोल करून.
तीस हजार लोकांनी ते नाव एकदम घेतलं, एकदाच,
मी आपल्याच गोलात बॉल मारला त्या संध्याकाळी.

शिलाँगला नावही नव्हतं. ए बेलगाम, एवढंच.
बूट पांघरुणात घेऊन झोपायचो,
सकाळी कातडं वाकावं म्हणून.
मालेत मैदानाला लागून समुद्र.
उंच मारलेला बॉल होडीवाला आणून देईपर्यंत
बावीस माणसं कमरेवर हात ठेवून उभी.
करार चार महिन्यांचा, पगार दोन महिन्यांचा,
उरलेल्या दोन महिन्यांचं काय झालं
ते त्या होडीवाल्याला माहीत असेल.

सुट्टीला यायचो तेव्हा गाडी लोंढ्याला पहाटे पोचायची.
बॅग खांद्यावर, गुडघ्याला पट्टी.
गल्लीत कुणी ना कुणी विचारायचंच,
आता कुठं खेळूलालास रे?
मी सांगायच्या आधी मागावरून अप्पा म्हणायचे, बाहेर.
माझ्या अकरा गावांना त्यांचा तो एक शब्द पुरायचा.
एकदा माग थांबवून, धोटा माझ्या हातात देऊन म्हणाले,
हा बघ, दिवसभर पळतोय इकडून तिकडं.
खरं कापड वाढतंय ते एकाच जागी.

'खरं' म्हणजे पण. आमच्याकडं तसंच म्हणतात.
पुण्याच्या क्लबात कॅप्टन यावर फार हसायचा:
हा प्रत्येक वाक्यात खरं म्हणतो
आणि लगेच माघार घेतो.

अप्पा गेले तेव्हा मी बाहेरच होतो,
सबस्टिट्यूट म्हणून बाकावर,
अंगात पिवळं जाळीदार बनियन.
माझा फोन ड्रेसिंग रूममध्ये, बुटात.
अकरातले सात क्लब आता उरले नाहीत.
एकाच्या मैदानावर गाड्यांचं शोरूम झालंय,
एकाचा मालक फोन उचलतो आणि काही बोलत नाही.

मुतगेकरांनी शंभराचा स्टँप रोलरमध्ये सरकवला.
कन्नडातच करतो, म्हणाले, म्हणजे परत पाठवणार नाहीत.
ब्रह्मा, वर्मा, शर्मा, भोर्मा,
एकेक नाव टक टक उमटत गेलं,
जालंधरवर त्यांनी थोडी खाकरून घेतलं.
मग मान वर न करता विचारलं,
ही सगळी माणसं एकच ना?
उद्या कुणी तक्रार केली तर निस्तरणार तू.

मला तो बाकावरचा आठवला, पिवळ्या बनियनातला.
आणि तो, पांघरुणात बुटांशेजारी झोपलेला, वय बावीस.
त्याला शपथेवर माझ्यात घ्यायचं म्हणजे
त्याला एकदा विचारायला नको?

एकच, म्हटलं.
खरं...

मुतगेकर इथलेच, जन्म अनगोळातला.
त्या शब्दाच्या दोन्ही बाजू त्यांना ठाऊक.
माझ्याकडं त्यांनी क्षणभर बघितलं.
पण स्टँपवर एकाच बाजूला जागा असते.
शेवटच्या ओळीत त्यांनी टाइप केलं: वरील सर्व खरं,
आणि कागद उपसून म्हणाले,
कर सही.