कंसातला हशा

लघुलेखकाला मत नसतं.
पणजीला जुन्या सचिवालयात, मांडवीकडच्या खिडकीखाली,
दर दहा मिनिटांनी पेन्सिल बदलत
मी बावीस वर्षं दुसऱ्यांची वाक्यं उतरवली.
माझं म्हणून जे काही होतं ते कंसात:
(अडथळा). (सदस्य उठून उभे राहतात). (हशा).

प्रयाग हळर्णकर पहिल्यांदा बोलायला उभ्या राहिल्या
तेव्हा चार ओळींत मी तीनदा हशा लिहिला.
त्या विनोद करत नव्हत्या.

त्याआधी सात वर्षं डिचोलीच्या कोर्टात.
वकिलांच्या खोलीत काळ्या कोटांना अकरा खुंट्या,
बारावी त्यांनी स्वतः ठोकली, घरून आणलेल्या हातोडीनं.
हे मला फटू बेलिफानं सांगितलं,
हातोडी त्यानंच दिल्याचंही तो कधी कधी सांगायचा.
अशिलं येत नव्हती. मग मये, नार्वे, पिळगावहून
म्हाताऱ्या यायला लागल्या,
फी म्हणून नीरफणस, नाहीतर कागदात बांधलेली सुकी सुंगटं,
आणि तक्रार सगळ्यांची एकच:
घोव गेला, आता भाटकार म्हणतो, घर खाली कर.

त्यांच्या जन्मनोंदीत आईचं नाव केसर.
बापाच्या रकान्यात पोर्तुगीज अमलातल्या कुणा कारकुनानं
एक आडवी रेघ ओढलेली.
निवडणुकीत ती रेघ कुणीतरी पत्रकावर छापली,
रात्रीत बाजारभर चिकटवली.
सकाळी त्यांनी एक पत्रक भिंतीवरून सोललं,
सभेत खळीसकट उंच धरलं, म्हणाल्या:
रेघ आहे. जागा रिकामी सोडलेली नाही.
चारशे अकरा मतांनी आल्या.

घराच्या हक्काचं विधेयक. कलम दोन, व्याख्या.
राहणारा म्हणजे 'तो'.
मागच्या बाकांवरून कुणी म्हणालं, बाई,
पुल्लिंगात स्त्रीलिंग समाविष्ट असतंच, कायदा शिकलात ना?
'समाविष्ट म्हणजे कुठं बसवलंय तिला, सभापती महोदय?
माजघरात, की न्हाणीच्या मागं?'
(हशा).
मग त्यांनी नुसती नावं वाचली. नाव, गाव, घराचा क्रमांक.
भागी मळीक, पिळगाव, चौऱ्याऐंशी.
इनासिन फर्नांडिस, असनोडे, नऊ.
द्वारकी गावस, नार्वे, क्रमांक नाही.
एकूण बासष्ट.
विसाव्या नावाच्या आसपास हशा थांबला.
चाळिसाव्याला पंख्याचा आवाज येऊ लागला.
खाली फेरीबोट बेतीकडे निघाली होती.
शांततेला लघुलिपीत खूण नाही.
मी पेन्सिल कागदावरून उचलून धरली, इतकंच.

'तो किंवा ती.' दोन शब्द वाढले.

पुढच्या खेपेला त्या पडल्या.
भाटकारांनी पाडलं, असं म्हणतात.
फार तोडून बोलायच्या, असंही म्हणतात, आणि ते खरं होतं.
माझ्यावरही एकदा कडाडल्या:
'मी विनंती म्हटलं नाही, मागणी म्हटलं. वही काढा.'
वहीत मागणीच होती.
टंकताना कुणाला तरी ती उद्धट वाटली असावी.

निवृत्तीनंतर एका बुधवारी डिचोलीच्या बाजारात भेटल्या.
हातावर कोट, पिशवीत लाल भाजी.
म्हणाल्या, तुमच्या लिपीत आडवी रेघ म्हणजे काय हो?
म्हटलं, पातळ असली तर क. दाबून काढली तर ग.
त्यांनी पिशवीतून घडीचा दाखला काढला,
भाजीच्या ढिगावर पसरला.
आम्ही दोघं वाकून बघत राहिलो,
भाजीवालीही वाकली.
शाई फुटली होती. पातळ की जाड, सांगता येईना.
'बरं,' म्हणाल्या, 'घाई नाही.'
दाखल्यावरचं पाणी पदरानं टिपलं
आणि कोर्टाच्या दिशेनं गेल्या,
अकराची तारीख होती.