झिरा

वैशाखात कन्हान वाळूचीच असते.
मी तिच्या जॅकवेलवर होतो, एकतीस वर्षं.
सकाळी सहा, संध्याकाळी सहा
पट्टीवरचा आकडा वाचायचा, लिहायचा.
नागपूरच्या टाक्यांना नदी तेवढीच ठाऊक,
दशांशानंतर दोन घरं.

माझ्याआधीचं रजिस्टर निळ्या शाईत, फुटांत.
त्याआधीचं कुणा साहेबाच्या तिरक्या अक्षरात:
एप्रिलच्या पानावर एकदाच 'वाळू',
आणि खाली चाळीस दिवस
नुसती वरीलप्रमाणेची टिंबं.

भागरता वलथरेला लिहिता येत नव्हतं.
दिवाळी झाली की ती पात्रात उतरायची,
पाणी मागे सरकेल तशी
डांगराची आळी पुढे नेत.
कोपरभर उकरलं की ओल,
खांदाभर उकरलं की पाणी.
'झिऱ्याले घाई नाई चालत, बावाजी.'
पहिली वाटी गढूळ, फेकायची.
दुसरी कुत्र्याची.
तिसरी आपली.

मग वर धरण झालं.
त्याच्याही वर, दुसऱ्या राज्यात, आणखी एक.
नदी फोनवरून यायला लागली.

एका मार्चात, रात्री, फोन आला: सोडलंय.
मी वेळ लिहिली, आकडा लिहिला,
सही केली, चहा प्यालो.
पात्रात एक कंदील दिसत होता.
कंदिलासाठी रकाना नव्हता.

उजाडताना पुलाखालून डांगरं गेली,
हिरवीगार, एकामागे एक,
जणू कुणी मोजून सोडलेली.
ती वर आली, कमरेपर्यंत ओली, कुत्रं काखेत.
शिवी देईल म्हणून मी उभा राहिलो.
म्हणाली, 'पानी आलं म्हनून कोनी रडते का?'
आणि माझ्या दारातच खूप वेळ
लुगडं पिळत राहिली.

पुढे ट्रक आले. वाळू गेली.
आता उकरलं तर मुरूम लागतो,
खांद्यापर्यंत हात घातला तरी मुरूमच.
ती कुठे गेली, मी विचारलं नाही.

माझं घर नारी रोडवर. त्याच वाळूचं.
पोपडा निघाला की कधी शिंपल्याचा
नखाएवढा तुकडा हाती लागतो.
नळ एकाआड एक दिवस, पहाटे साडेचारला;
आधी हवा खोकते, मग गढूळ धार.
पहिली वाटी मी फेकतो.
दुसरी फाटकाबाहेर ठेवतो.
बायको म्हणते, आपल्या गल्लीत कुत्रंच नाही.