घोडं पेंड खातं ते इथे

लुर्दिना फुर्तादो कुडतरीहून आली
तेव्हा पिकअपच्या हौद्यात तिसरा गिअरबॉक्स होता,
गोणपाटात गुंडाळलेला,
पणजीच्या बाजारातल्या इसवणासारखा.

कुर्टीच्या उतारावर माझं गॅरेज.
खाली परात ठेवली, बोल्ट सोडले.
चांगलं तेल भिरंडीच्या आगळासारखं असतं.
हे करपलेल्या गुळासारखं,
आणि तळाशी लोखंडाची बारीक चमचम.
"मेस्त, वास बघ," बाबुसो म्हणाला.
वास मी फाटकाजवळच घेतला होता.

"किती घोडे?"
"नऊशे." हनुवटी जरा वर.
"आणि वजन?"
"कुणाचं?"
"गाडीचं."
ती रस्त्याकडे बघत राहिली.
नऊशे सगळ्यांना पाठ असतात,
त्यांनी ओढायचं काय, ते कुणी काट्यावर ठेवत नाही.

मी शिकलो उसगावच्या बाजूला, खाणीच्या टिपरांवर.
पासिंग दहा टनांचं, वर पंधराची लाल माती,
त्याच्याही वर मालकाची घाई.
इंजिनं क्वचित मेली.
मरायचं ते मधलं.
ढकलणारा आणि ढकललं जाणारं, दोघांच्या मध्ये
जो उभा असतो, तो.
(वडील आणि थोरला भाऊ यांच्यामध्ये
मीही असाच उभा होतो काही वर्षं.
ते असो.)

"मॅन्युअलवाले हसतात मला," ती म्हणाली,
आणि डाव्या गुडघ्यावर हात आपटला.
सतराव्या वर्षी, फुटबॉलच्या मैदानात गेलेला.
क्लच दाबत नाही.
मी विचारलं नव्हतं.

मी तिला फुटलेला कन्व्हर्टर दाखवला.
आत दोन पंखे, समोरासमोर.
एक तेलाला ढकलतो, तेल दुसऱ्याला.
ते एकमेकांना शिवत नाहीत,
तरी नऊशेच्या नऊशे घोडे
या ओल्या फटीतून जायचे असतात.
जे जात नाहीत त्यांची उष्णता होते.
इंजिन गिअरबॉक्सला मारत नाही, बाई,
ताप मारतो.

"एक आहे सहा गिअरचा.
हुशार, संगणकाशी बोलतो, पेट्रोल वाचवतो,
पण तुझ्या घोड्यांसाठी आतलं सगळं बदलावं लागेल.
शाफ्ट, प्लेटा, ड्रम. गिअरबॉक्सच्या किमतीचा खर्च वेगळा.
दुसरा जुना, तीनच गिअरचा.
बोजड, अडाणी, शाळेत न गेलेला.
मार खातो आणि बोलत नाही.
हायवेवर मात्र इंजिन बोंबलत राहील
सावर्ड्यापासून मडगावपर्यंत."

तिनं विचार केला. खरंच केला,
पान्याचं डोकं अंगठ्यानं घासत.
"रविवारी आईला मिस्साला याच गाडीनं नेते."
"मग सहाचा घे."
"आईला ऐकू येत नाही," ती म्हणाली.
"तीनचा टाक."

कूलर मात्र मी माझ्या मर्जीनं लावला,
दुप्पट मोठा, रेडिएटरच्या पुढे, वाऱ्याच्या तोंडावर.
ती म्हणाली खर्च वाढतो.
म्हटलं, मग शंभर घोडे घरी बांधून ये.
त्यावर ती हसली नाही. पैसे दिले.

पेटी मुरगावला उतरायला बेचाळीस दिवस लागले.

बंद खाणीच्या रस्त्यावर, राखणदाराला सांगून,
उजाडता उजाडता गाडी सोडली.
पहिला ऐकला. छातीत ऐकला.
दुसरा पडला तेव्हा मागे लाल धुरळा उभा राहिला,
आणि त्या धुरळ्यात टिपरांचे सांगाडे क्षणभर
पुन्हा चालू लागल्यासारखे दिसले.
तिसऱ्याची मी वाट पाहत होतो.
"टाकला का तिनं?" बाबुसोनं विचारलं.
गाडी तोवर वळणाच्या पलीकडे.

परत आली तेव्हा बॉनेट तापलेलं,
ती घामानं चिंब, काही बोलत नव्हती.
इंजिन चालू ठेवायला सांगून मी काडी ओढली,
बनियनला पुसली, पुन्हा घातली, पुन्हा ओढली,
उजेडाकडे धरली.

भिरंडीचं आगळ.

बाबुसोनं नाक पुढे केलं.
मी काडी त्याच्या हातात दिली.