चाचणीचा फोटो

स्क्रीन बदलली की कॅमेरा तपासावा लागतो.
मी फोन वर धरतो, बटण दाबतो,
आणि येतो तो छताचा पंखा,
ट्यूबलाइटचा अर्धा तुकडा,
कधी माझा कान.
काच पुसून, ठरलेले दिनार घेऊन
फोन गिऱ्हाइकाच्या हातात देतो.
फोटो पुसायचा तेवढा राहून जातो.

चौदा वर्षं झाली मनामात.
बाब अल बहरैनच्या मागच्या गल्लीत
अत्तरवाला आणि बॅगांचं दुकान यांच्या फटीत
एक टेबल, एक दिवा, एक भिंग.
हिशेब केला तर माझा कान
कोझिकोडला असेल, सियालकोटला, मनिलाला.
गडहिंग्लजला तेवढा गेला नसेल,
तिथलं कुणी फोन फोडून इकडे येत नाही.

लोक विचारतात, नवीन कुठला घेऊ?
मी सांगतो, आधी आहे त्याची लेन्स पूस.
सदऱ्याच्या टोकानं नको, त्यात वाळू असते.
झूम करू नकोस, दोन पावलं पुढे जा.
पुढे समुद्र असेल तर राहू दे.
एसीतून बाहेर आलास की काचेवर वाफ धरते,
तेव्हा घासत बसायचं नाही, थांबायचं,
तिला बाहेरची सवय होऊ द्यायची.
दोनशे मेगापिक्सेल खोक्यावर छापायला बरे,
आईला पाठवलेस की व्हॉट्सअ‍ॅप
चिंचेसारखं पिळून चोथा पोचवतं.
आणि रात्रीचा फोटो काढताना
कोपर बरगडीला टेकव, श्वास धर,
हललास तर दोन होशील.

दिलावर हमदुले हिदच्या गोदीत वेल्डर.
त्याचा फोन आधी शिडीवरून पडला,
मग रंगाच्या डब्यात,
तिसऱ्या वेळी म्हणाला, मी काही केलं नाही, तोच पडला.
काच उचकटताना मी मान वर केली
तर हा हसतोय.
"तुझ्या पंख्याची घरी चौकशी आहे."

पहिल्या खेपेला मीच एक सेटिंग लावून दिलं होतं, फुकट:
इथं फोटो काढला की आपोआप
म्हसळ्याच्या टॅबवर.
तिथं इफ्फत, वय पाच, रोज उघडून बघते.
जहाजाचं पोट, अब्बांचा डबा,
अब्बांची बोटं, मांजर,
आणि मध्येच पंखा.
तिनं ठरवलंय, ही अब्बांची खोली.
पंखा अब्बांचा. कान अब्बांचा.
"मग तू सांगितलं नाहीस?"
"काय सांगू? खोलीत पंखा नाहीच.
एसी आहे, तो गळतो. बादलीचा फोटो पाठवू?"

तिचा प्रश्न वेगळाच होता.
पंख्याला पाती किती?
फोटोत ती वाकलेली येतात, केळ्यांसारखी,
एका फोटोत पाच, दुसऱ्यात अडीच.
मी म्हणालो, शटरचा दोष,
सेन्सर ओळीओळीनं वाचतो,
तेवढ्यात पातं पुढे सरकतं.
"ते तिला कळेल?"
मला तरी कुठं आठवत होतं, पाती किती.

ऑगस्टचा महिना, दुपारचे चार.
उठलो, बटण बंद केलं.
अत्तरवाला ओरडला, लाइट गेली का?
पंखा फिरतच राहिला,
जणू त्याला कुणी काही कळवलंच नव्हतं.
मग हळू झाला, मग आणखी हळू.
थांबायला तो किती वेळ घेतो
हे मी आज पहिल्यांदा बघत होतो.
कडांना बोटभर काळी धूळ.
स्टुलावर चढलो
आणि लेन्स पुसायच्या फडक्यानं
एकेक पातं पुसलं.

तीन.

दिलावरला खाली उभा केला,
जरा डावीकडे, आणखी जरा,
मान तिरकी कर, हलू नकोस.
कोपर बरगडीला टेकवलं.
या वेळी कान त्याचा आला.