पिंपातलं इंजिन

दिवाळ्याच्या जेटीवर, निळ्या पिंपात
नळाचं गोडं पाणी भरून
जोमादादाने इंजिन उभं केलं.
दोरी ओढली. चौथ्यांदा पेटलं.

मागची धार पोराच्या मुतासारखी
लांब जायला हवी,
ती नुसतीच ठिबकत होती.
पाणी भलतीकडून,
हेडच्या खालून, बोल्टापाशी.

"इंपेलर तर नवा टाकलाय," मी म्हटलं.
त्याने गळतीला बोट लावलं,
जिभेवर ठेवलं.
"खारा."

पिंपात तर गोडं होतं.

म्हणजे आत अजून खाडी होती,
बाबा धंद्याला जायचा तेव्हाची,
पांढरी, नळ्यांत घट्ट बसलेली.

गॅस्केट गेलंच होतं.
मी पान्हा लावला, जोर केला.
त्याने मनगट धरलं:
"दमानं. तुटंल.
तुज्या बापाने आवळलेला हाय."