नळी

चार दिवसांआड पाणी येतं आमच्या गल्लीत,
आणि इथे, डायलिसिसच्या खोलीत,
एका माणसाचं रक्त धुवायला हंडेच्या हंडे.
एक हंडा शुद्ध होतो, एक वाहून जातो.

दस्तगीरचाचा खाटेवरून नळीकडे बघतात.
"बाई, ये पानी किधर जाता?"
गटारीत, मी म्हणते.
त्यांना दिवसाला अर्धा लिटर पिण्याची मुभा.

"नदीकाठी वजू केलं तरी गरजेपुरतंच घ्यायचं,
अब्बा सांगायचे. आणि मी?
तीस वर्षं अक्कलकोट रोडला
चादरींचा लाल नाल्यात सोडला."
नखांत अजून आहे तो.

लेक शमशाद किडनी द्यायला तयार.
जुळलेले रिपोर्ट पिशवीत, भाकरीच्या डब्याखाली.
ते म्हणतात, शरीर अमानत. तुझी मी कशी घेऊ?
ती म्हणते, मौलाना जायज म्हणाले.
"नाल्याखालच्या विहिरींना विचारलंस?"

मी सुवार्ता हिवाळे.
पाळक रविवारी सांगतात, बाग आपली नाही, आपण माळी.
मी मान हलवते. सोमवारी मशीनचे आकडे लिहिते,
त्या रकान्यात माळी बसत नाही.

जेवणाच्या सुट्टीत जुनी नळी शोधली,
गटारीऐवजी निळ्या पिंपात सोडली.
खारट पाणी. पिण्याचं नाही,
संडासाला चालतं, फरशीला चालतं.

संध्याकाळी सुई काढताना चाचांनी विचारलं,
"भरलं?"
पिंपाचं विचारत होते की
शमशादच्या हातातल्या फॉर्मचं?

अर्धं, मी म्हणाले.